कर्नलसाहेबांची शेवटची तपासणी

निवृत्तीच्या दिवशी कर्नलसाहेब घरी नव्हते, यात घरच्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. ते गेली कित्येक वर्षं घरी नव्हते. लष्करी डॉक्टर म्हणून लढाईवर गेले तेव्हा कॅप्टन होते, आणि तिकडे बेपत्ता झाल्यापासून त्यांना एकामागून एक बढत्या मिळत गेल्या. आधी मेजर, मग लेफ्टनंट कर्नल, मग कर्नल. लष्कराच्या कचेरीतून दर वर्षी त्यांच्या बायकोला विचारणा व्हायची, की डॉक्टर जिवंत आहेत की मृत, ते कळवावं. वहिनी (घरात, शेजारात, दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत) दर वर्षी एका ओळीत उत्तर पाठवायच्या: ते तुम्ही सांगायचं. तसं सांगायची कचेरीतल्या कुणाची छाती झाली नाही. आणि जो मेलेला नाही तो नोकरीत आहे, जो नोकरीत आहे त्याला वेळच्या वेळी बढती मिळालीच पाहिजे, या सरळ हिशेबाने डॉक्टर वर चढत राहिले.

वरिष्ठांचे शेरे तर दृष्ट लागावी असे. कधी रजा मागितली नाही, कुणाशी वाद घातला नाही, खर्चाच्या बाबतीत काटकसरी. एका साहेबाने 'अत्यंत शांत स्वभाव' असं लिहिलं, तेव्हा आत्या आठवडाभर फणफणत होत्या. आपला भाऊ महातापट आहे याचा त्यांना लहानपणापासून अभिमान होता.

पण बढत्यांनाही अंत असतो. कर्नलसाहेबांचं निवृत्तीचं वय झालं. संध्याकाळी लष्करी इस्पितळाचे प्रमुख स्वतः घरी येणार होते, हार, ढाल आणि चार शब्द बोलायला. आत्या सकाळीच येऊन बसल्या होत्या. धाकटे भाऊ, म्हणजे विमा एजंट असलेले काका, नवा कोट घालून आले होते. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या तीनदा हलवून झाल्या होत्या. कर्नलची खुर्ची कुठे ठेवायची यावरून आत्या आणि धाकटे यांच्यात एक चकमकही उडाली होती. धाकट्यांचं म्हणणं, खुर्ची ठेवायचीच कशाला. आत्यांचं म्हणणं, ज्याचा सत्कार त्यालाच बसायला जागा नाही, हे कुठल्या घरात चालतं. शेवटी खुर्ची मधोमध ठेवली आणि तिच्या पाठीवर वहिनींनी कपाटातला गणवेश लावला. त्याच्या खांद्यांवरची पितळी चिन्हं प्रत्येक बढतीच्या वेळी त्यांनीच बदलली होती.

दुपारी दारात एक तरुण कॅप्टन उभी राहिली. एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात बॅग, काखेत अक्षरांच्या तक्त्याची गुंडाळी.

"कर्नलसाहेबांची निवृत्तीपूर्व तपासणी करायची आहे," ती म्हणाली. "साहेब कुठे आहेत?"

"ते तुम्ही सांगायचं," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

कॅप्टनला वाटलं, साहेब आंघोळीला गेले असतील. तिने वजनकाटा सपाट जागा बघून ठेवला, तक्ता भिंतीला लावला आणि गणवेशावरची चिन्हं दिसल्यावर खुर्चीला एक सॅल्यूटही ठोकून टाकला. मग धाकट्या काकांनी तिला बाजूला घेऊन सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता ती खाली बसली, नेमकी कर्नलच्या खुर्चीवर, आणि आत्यांनी नुसतं बघितल्याबरोबर परत उठली.

तिला सांगताना इस्पितळातल्या साहेबांनी म्हटलं होतं, जा, सोपं काम आहे, एक कर्नल तपासून ये. कर्नलचं नाव मात्र तिला चांगलं माहीत होतं. शिकताना एका म्हाताऱ्या शिक्षकाने त्यांची गोष्ट सांगितली होती. पोट दुखतंय म्हणून आघाडीवरून मागे येऊ पाहणाऱ्या शिपायाच्या पोटावर हात ठेवून हा डॉक्टर एक विनोद सांगायचा. दुखणं खोटं असेल तर शिपाई खदखदून हसायचा आणि परत खंदकात जायचा. खरं असेल तर हसता हसता कळवळायचा. म्हातारा शिक्षक म्हणायचा, याच्यापुढे खोटं दुखणं टिकलं नाही. हा माणूस बेपत्ता आहे हे मात्र तो सांगायचं विसरला होता.

"पण तपासणी केल्याशिवाय मला जाता येणार नाही," कॅप्टन म्हणाली. "तपासणी झाल्याशिवाय कुणालाही सेवेतून सोडता येत नाही. मागाहून म्हणायला नको, की लष्करात असताना दुखणं लागलं म्हणून."

"कोण म्हणणार आहे?" धाकट्यांनी विचारलं.

"कर्नलसाहेब."

धाकट्यांनी मान डोलावली. विम्याच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे असल्या युक्तिवादाबद्दल त्यांना आदर होता.

कॅप्टनने वरच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी त्यांच्या वरच्यांना लावला. अर्ध्या तासाने हुकूम आला, की अधिकारी समोर नसल्यास जवळच्या रक्ताच्या नातेवाइकावरून अंदाज घ्यावा. हा नियम मुळात आनुवंशिक आजारांसाठी होता, असं तिला अंधूक आठवत होतं. पण हुकूम तो हुकूम.

"मग मीच," आत्या उठल्या. "आमचं रक्त एक, हाड एक. माझ्या भावाला आयुष्यात साधी शिंक आली नाही आणि मलाही नाही. घे माझं वजन."

"ताई, दादा पुरुष होता," धाकटे म्हणाले. "अंगकाठी माझीच जुळते. आमचे शर्ट एकमेकांना यायचे."

"तुला त्याचे यायचे. त्याला तुझे कधीच आले नाहीत. छाती कुठे होती तुला?"

छातीचा मुद्दा गणवेशावरून सुटला. धाकट्यांनी कोट काढून कर्नलचा कोट चढवला, आणि बटणं लागली. इतकी वर्षं पोट सुटत होतं त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. मग काकांना वजनकाट्यावर उभं केलं. गणवेशाचं वजन वजा करायचं की कर्नलच्याच खात्यात धरायचं यावर थोडी चर्चा झाली. तक्त्यावरची खालची ओळ त्यांनी धडाधड वाचली. मागे उभ्या राहून आत्या ती कुजबुजत होत्या हे कॅप्टनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गुडघ्यावर हातोडी बसली तेव्हा पाय असा उडाला की चहाचा ट्रे थोडक्यात वाचला.

"उत्तम," कॅप्टन म्हणाली. "साहेबांची प्रकृती चांगली आहे."

"होतीच," आत्या म्हणाल्या.

"नशीब. अनफिट निघाले असते तर पंचाईत होती. मग सेवेतून सोडताच येत नाही. आधी पूर्ण बरं करायचं, मगच सोडायचं, असा नियम आहे. एक सुभेदार आमच्याकडे कंबरेवर उपचार घेत वर्षानुवर्षं नोकरीत आहेत. आता फक्त रक्तदाब बघते."

आतल्या दारात बशी पुसत उभ्या असलेल्या वहिनी हे ऐकून थांबल्या.

वहिनींना आज सकाळपासून बोलायला कुणी फुरसत दिली नव्हती. हार कुठे ठेवायचा, प्रमुखांना चहा की कॉफी, आत्या काय बोलणार, सगळं ठरलं होतं. त्यांना हा कार्यक्रम हवा आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्यांना तो नको होता. हात पुसून त्या बाहेर आल्या आणि दंडावर पट्टा बांधून घेत असलेल्या दिराच्या कानाशी वाकल्या.

"भाऊजी, तुम्हाला सांगायचं राहिलं. ताई घर विकताहेत. कायमच्या तुमच्याकडे राहायला येणार म्हणाल्या."

कॅप्टनने काटा बघितला. पट्टा सोडून परत बांधला. परत बघितला.

"साहेबांचा रक्तदाब फारच वाढलेला आहे," ती म्हणाली. "इतका असताना मी यांना फिट कसं म्हणू?"

"काय सांगितलंस तू त्याला?" आत्यांनी वहिनींना विचारलं.

"काही नाही. घरातलं."

"वहिनी, खरं का हे?" धाकट्यांचा आवाज बारीक झाला होता.

"खरं असो की खोटं, तुमचा दाब खरा आहे ना? मग झालं तर. लिहा कॅप्टन, अनफिट."

आत्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. त्या ताडकन उभ्या राहिल्या. "माझ्या भावाला आजारी ठरवतेस? नदीकाठच्या तंबूत सलग उभा राहून ज्याने शेकडो शिपाई शिवले, त्याला? लोक काय म्हणतील, की रक्तदाब वाढला म्हणून नोकरीला चिकटून बसला? मी हे होऊ देणार नाही. मला तपास. माझ्यावरून लिही."

"तुमचं वय जास्त आहे ताई," कॅप्टन म्हणाली. "मोजलं तर त्याहून वाढलेला निघेल."

"निघू दे की. मोज म्हणते ना."

आता गंमत अशी झाली, की मघापर्यंत जो तो आपण किती ठणठणीत आहोत हे सांगत होता, आणि आता वहिनींनी दिराला चक्क आपल्या बाजूला वळवलं. कायमच्या येणाऱ्या बहिणीच्या धास्तीने धाकटे वहिनी म्हणतील ते करायला तयार होते. त्यांना एकाएकी आठवलं, की दादाची कंबरसुद्धा धरायची. मग छातीत कळ यायची. मग पायाला मुंग्या. विम्याच्या अर्जात लोक जे जे लपवतात ते सगळं त्यांनी एका दमात भावाच्या अंगाला लावलं. आत्या एकेक दुखणं खोडून काढत होत्या. कॅप्टन मधे उभी राहून घामाघूम झाली होती. एवढ्या गलक्याची तिला इस्पितळात सवय होती, पण तिथे निदान पेशंट असायचे.

तेवढ्यात मुलगी आली.

कर्नलची मुलगी जनावरांची डॉक्टर होती. वडील बेपत्ता झाले तेव्हा ती आईच्या पोटात होती, त्यामुळे तिला बढत्या तेवढ्या आठवत होत्या. सकाळपासून ती एका गाईच्या अडलेल्या बाळंतपणात होती, बुटांना चिखल तसाच होता. दाराशी उभं राहून तिने थोडा वेळ ऐकलं आणि काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं.

"आई, हे बास कर."

"तू बूट काढून ये आधी."

"बाबांना रिटायर होऊ दे. आत्या बरोबर बोलतेय."

आत्यांनी चमकून बघितलं. या पोरीने आपली बाजू घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण मुलीचं कारण वेगळं होतं. तिची दूरच्या घोड्यांच्या पैदास केंद्रावर बदली झाली होती. असं काम तिला परत मिळणार नव्हतं. आणि वहिनी हे घर सोडून एक रात्रही बाहेर राहात नव्हत्या, कारण लष्कराकडे हाच पत्ता होता. आईला एकटं ठेवून जायचं, की आयुष्यभर इथे म्हशींना सुया टोचत बसायचं, हे तिला येत्या सोमवारपर्यंत सांगायचं होतं. वडील एकदाचे रिटायर झाले असते तर आई सुटली असती, आणि ती स्वतःही.

"रिटायर झाल्यावर त्यांना कोण शोधणार?" वहिनी म्हणाल्या. "नोकरीतला माणूस हरवला तर लष्कराचा हरवतो. रिटायर झालेल्याला कोण विचारतं?"

"आता तरी कोण शोधतंय? मी गेले होते लष्कराच्या त्या कचेरीत. तुला सांगितलं नाही. एका खोलीत दोन टेबलं आणि एक माणूस होता, तोही डबा खात होता. मी नाव सांगितलं तर त्याने मलाच विचारलं, बाबा कसे आहेत म्हणून. कुणी शोधत नाहीये, आई. कधीच शोधलं नाही."

कॅप्टनने उगाच तक्ता सरळ केला.

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"शोधत नाहीत ते. मी काय वेडी आहे? गाडीने जखमी मागे पाठवले, दोघं हलवण्यासारखे नव्हते म्हणून हे त्यांच्यापाशी थांबले. गाडी परत गेली तर तंबू जागेवर, चिमटे उकळून फडक्यावर वाळत ठेवलेले, आणि माणूस एक नाही. त्या दिवशी नाही सापडले ते कचेरीवाल्यांना आता काय सापडणार. पण आज कुणी विचारलं, तर मी काय सांगते? लष्कराला ते सापडत नाहीत. आज संध्याकाळी तो हार घातला, की लष्कराचा संबंध संपला. उद्यापासून ते मला सापडत नाहीत, असं होईल. एवढं एकटीने नाही गं झेपायचं मला."

इतकी वर्षं मुलीला वाटत होतं, आईला आशा आहे. आशेचं काय करायचं याची तयारी करून ती आली होती. हे निराळंच निघालं, आणि ते तिला एकदम पटलं, याचाच तिला राग आला.

आत्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. संध्याकाळच्या भाषणासाठी त्यांनी भावाच्या तब्येतीचेच किस्से काढून ठेवले होते. पूर आलेली नदी पोहून पार केली तो, तापात धावण्याची शर्यत जिंकली तो, एका वेळी दोघांना खांद्यावर उचललं तो. प्रमुखांसमोर, शेजाऱ्यांसमोर, एकदाच्या त्या हे सगळं सांगणार होत्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि कॅप्टनकडे वळल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून प्रकृती तोळामासा. वारा लागला की आडवा. आईने कापसात गुंडाळून वाढवला त्याला."

"ताई?" धाकटे म्हणाले.

"तू गप्प बस. हिने तुझ्या कानात काय घातलं असेल ते कळलं मला. मी तुझ्याकडे येत नाहीये, तेव्हा हो मोकळा. मी इथे येतेय, हिच्याकडे."

वहिनींनी दचकून पाहिलं. त्यांचा रक्तदाब त्या क्षणी मोजला असता तर कर्नल खरोखर अनफिट ठरले असते.

कॅप्टनपुढे आता भलताच पेच होता. एक बहीण, जिने आधी शिंकही नाही म्हटलं आणि आता कापसात गुंडाळलं. एक भाऊ, ज्याचा दाब आता हळूहळू उतरत होता. पेशंट म्हणून एक गणवेश. आणि ज्या माणसाने खोटं दुखणं कधी खपवून घेतलं नाही, त्याच्याच नावावर खोटं दुखणं लिहायचं. तिचा हात धजेना. फिट लिहायलाही धजेना. तिने मुलीकडे पाहिलं.

"तुम्ही डॉक्टर आहात ना? तुम्ही सांगा, काय लिहू?"

"मी जनावरांची आहे."

"तरी पण."

मुलीने चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. घोडे तिला फार आवडायचे. म्हशींचा तिला कंटाळा आला होता. हे तिने नंतर आत्यांना बोलूनही दाखवलं. पण त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे लोक दाखला मागायला येतात. म्हणतात, बैल घरी आहे, चांगला धट्टाकट्टा आहे, लिहून द्या. मी त्यांना सांगते, बैल आणा. जनावर समोर नसताना मी आजवर दाखला दिलेला नाही. ना आजारी म्हणून, ना बरा म्हणून, ना मेला म्हणून."

कॅप्टन हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. तिने पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेली, "तपासणी अपूर्ण. अधिकारी समक्ष हजर झाल्यावर पूर्ण करण्यात यावी. तोपर्यंत त्यांना सेवेतून मुक्त करता येत नाही." खाली सही केली, तारीख घातली. मग प्रमुखांना फोन लावला.

"सर, संध्याकाळचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागेल. हो सर, तब्येतीचंच. नाही सर, फार आहे की थोडं, ते अजून सांगता येत नाही. हो, साहेबांना सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून."

"म्हणजे आता ब्रिगेडियर?" धाकट्यांनी कोट उतरवता उतरवता विचारलं. वहिनींनी तो कोट त्यांच्या हातातून घेतला, झटकला आणि परत खुर्चीच्या पाठीवर लावला. आत्या आपली पिशवी घेऊन आतली कोणती खोली बरी ते बघायला गेल्या. मुलगी बूट काढायला बाहेरच्या पायरीवर बसली. ती रडत होती, पण दोन वेण्यांच्या लहान पोरीसारखं मुसमुसून नाही, सरळ तोंड वर करून.

कॅप्टनने काटा उचलला, तक्ता गुंडाळला. दारापर्यंत पोहोचवायला वहिनी आल्या. पायरी उतरताना कॅप्टन थांबली. आता तिला हे काम नीट पुरं करायचं होतं.

"मॅडम, साहेब आले की लगेच आमच्याकडे पाठवा. मी नसले तर जी कुणी असेल तिला सांगून ठेवते. रक्तही तपासायचं राहिलंय, तेव्हा उपाशीपोटी पाठवा."

"उपाशीपोटी नाही पाठवायची मी," वहिनी म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी घरी आलेला माणूस. आधी जेवतील, मग येतील."

कॅप्टनने क्षणभर विचार केला. सुई, नळी, साखरेचं प्रमाण, नियम.

"चालेल," ती म्हणाली. "जेवून येऊ देत."